निगेविना हिरवळ? : कृत्रिम क्रीडापृष्ठाच्या देखभालीचा इतिहास (१९६४ ते २०२४)

सारांश :

कृत्रिम हिरवळ १९६० च्या दशकात अमेरिकेत अवतरली ती ‘निगा नको’ या आश्वासनासह. प्रस्तुत शोधनिबंधात या आश्वासनाचा साठ वर्षांचा प्रवास तपासला आहे. कृत्रिम हिरवळीने देखभाल संपविली नाही. तिचे स्वरूप, तिची साधने आणि ती करणारे हात बदलले, असे प्रतिपादन येथे केले आहे. ह्यूस्टनचे ॲस्ट्रोडोम, माँट्रियल ऑलिंपिकनंतरची भारतीय हॉकी व पाण्यावर चालणारी मैदाने यांच्या आधारे हे प्रतिपादन मांडले असून, महाराष्ट्रातील तालमीच्या मातीशी त्याची तुलना केली आहे.

बीजसंज्ञा : कृत्रिम हिरवळ, क्रीडा-इतिहास, देखभाल, हॉकी, पाणी, श्रम.

प्रस्तावना :

खेळाच्या इतिहासात मैदान हा बहुधा सर्वाधिक दुर्लक्षित घटक असावा. खेळाडूंची चरित्रे लिहिली जातात, सामन्यांचे निकाल जपले जातात, क्रीडासंस्थांचे सुवर्णमहोत्सवी अंक निघतात. परंतु ज्या जमिनीवर हे सारे घडते ती पहाटे कोणी झाडली, पाणी कोणी मारले, रोलर कोणी ओढला आणि फक्कीच्या रेषा कोणी आखल्या, याची नोंद क्वचितच आढळते. मैदान ‘असतेच’ असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः मैदान रोज घडवावे लागते. एका पावसाळ्यात निगा चुकली की क्रीडांगणाचे कुरण व्हायला वेळ लागत नाही.

कृत्रिम हिरवळीचा विचार या पार्श्वभूमीवर करणे उद्बोधक ठरते. गवत कापायला नको, खत नको, पाणी नको, पावसाळ्यात चिखल नाही आणि उन्हाळ्यात धूळ नाही, या गुणांच्या यादीवर हे पृष्ठ जगभर विकले गेले. आज महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्याच्या गावांतही तासावर भाड्याने मिळणाऱ्या जाळीबंद मैदानांना लोक सरळ ‘टर्फ’ म्हणतात. शिक्षणसंस्थाही आपल्या जुन्या मैदानांवर हा हिरवा गालिचा अंथरण्याच्या विचारात असतात. अशा वेळी त्या मूळ आश्वासनाचे पुढे काय झाले, हे पाहणे केवळ जिज्ञासेचा विषय राहत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) कृत्रिम हिरवळीच्या उदयामागील सामाजिक व तांत्रिक कारणे पाहणे. (२) बंदिस्त आणि खुल्या जागेतील तिच्या देखभालीचे बदलते स्वरूप मांडणे. (३) या बदलाचा भारतीय हॉकीशी असलेला संबंध तपासणे. (४) महाविद्यालयीन मैदानांच्या दृष्टीने त्यातून निघणारे निष्कर्ष नोंदविणे. अभ्यासाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. छपराखाली उगवलेली हिरवळ :

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत शहरी मुलांच्या शारीरिक क्षमतेविषयी चिंता व्यक्त होऊ लागली होती. ग्रामीण मुलांना मोकळी जमीन सहज मिळे. शहरातल्या मुलांच्या वाट्याला डांबरी रस्ते व सिमेंटची अंगणे येत. फोर्ड फाउंडेशनने १९५८ मध्ये स्थापन केलेल्या शैक्षणिक सुविधाविषयक संस्थेने या प्रश्नात लक्ष घातले. मोन्सँटो उद्योगसमूहातील केमस्ट्रँड ही कंपनी त्या काळी गालिच्यांसाठी कृत्रिम धागे तयार करीत होती. या दोहोंच्या संपर्कातून ‘केमग्रास’ हे पृष्ठ जन्मास आले आणि १९६४ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन शाळेत ते बसविण्यात आले. फितीसारख्या एकेरी धाग्यांची लव असलेल्या या पृष्ठाचे पेटंट जेम्स फारिया व रॉबर्ट राइट यांच्या नावे १९६७ मध्ये नोंदले गेले. हिचा आरंभ व्यापारी क्रीडांगणावर झाला नाही, एका शाळेत झाला, ही बाब शिक्षणक्षेत्रातील वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तिला प्रसिद्धी मात्र ह्यूस्टनने दिली. १९६५ मध्ये तेथे ॲस्ट्रोडोम हे छपराचे भव्य बेसबॉल क्रीडागार सुरू झाले. आत खरे गवत वाढावे म्हणून छपरात पारदर्शक तावदाने बसविली होती. पण त्यांतून येणाऱ्या झगमगाटामुळे उंच गेलेला चेंडू क्षेत्ररक्षकांना दिसेना. उपाय म्हणून तावदानांना रंग दिला, तेव्हा प्रकाशाअभावी गवत मेले. त्या हंगामाचा उरलेला भाग मेलेल्या गवतावर आणि हिरवा रंग फासलेल्या मातीवर खेळला गेला. १९६६ च्या हंगामात तेथे केमग्रास अंथरले गेले. आधी आतला भाग आणि उन्हाळ्यात बाहेरचा. या क्रीडागाराच्या नावावरूनच पुढे ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव रूढ झाले.

या घटनेतील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ॲस्ट्रोडोममधील मैदान-कर्मचारी अंतराळवीरांसारखा पोषाख करून दोन डावांच्या मध्ये व्हॅक्यूम क्लीनरने हिरवळ साफ करीत. प्रेक्षकांसाठी तो करमणुकीचा भाग होता. पण त्यातून निगेचे नवे रूप प्रथमच जगासमोर आले. गवत कापणारा गेला आणि गालिचा झाडणारा आला. ज्या पृष्ठाला निगा लागणार नव्हती, त्याची निगा पहिल्याच वर्षी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

बंदिस्त जागेतील कृत्रिम हिरवळीचा मूलभूत प्रश्नही येथेच स्पष्ट होतो. छपराखाली ऊन येत नाही, वारा खेळत नाही, पाऊस पडत नाही. मातीत पडलेला घाम, थुंकी, रक्ताचा थेंब किंवा अन्नकण यांची विल्हेवाट मातीतील सूक्ष्मजीव लावतात. खुल्या मैदानाला पाऊस धुऊन काढतो. छपराखालच्या नायलॉनला या दोहोंपैकी कोणाचेच साहाय्य नाही. जे पडते ते तेथेच राहते, धाग्यांच्या मुळाशी धूळ होऊन बसते आणि पावलांबरोबर पुन्हा उडते. म्हणून बंदिस्त पृष्ठाला नियमित व्हॅक्यूम, डाग पडताच सौम्य साबणाच्या पाण्याने धुणे, हवा खेळती ठेवणे आणि निर्जंतुक करणे ही कामे चुकत नाहीत.

आरोग्याच्या अंगाने २००३ मधील एक घटना या संदर्भात वारंवार उद्धृत केली जाते. सेंट लुइस येथील व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघातील पाच खेळाडूंना नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला. कृत्रिम हिरवळीवर घसरून जेथे कातडी सोलवटली होती, नेमक्या तेथेच हे फोड उठले होते. या घटनेचा वैद्यकीय अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिरवळीने केलेल्या जखमा हे संसर्गाचे द्वार ठरल्याचे दिसले, तसेच खेळाडूंनी एकमेकांचे पंचे वापरणे, जखमा वेळीच न झाकणे यांसारख्या सवयीही पुढे आल्या. पृष्ठाची स्वच्छता आणि खेळाडूची स्वच्छता या वेगळ्या काढता येत नाहीत, हा या घटनेचा बोध होय.

२. उघड्या आकाशाखाली :

१९६७ मध्ये इंडियाना राज्य विद्यापीठाच्या खुल्या क्रीडांगणावर ॲस्ट्रोटर्फ अंथरले गेले आणि कृत्रिम हिरवळ छपराबाहेर आली. पहिल्या पिढीचे हे पृष्ठ म्हणजे आखूड, दाट नायलॉनची लव आणि तिच्याखाली फेसाळ गादी. त्यावर पाऊल घट्ट धरले जाई, पण वळताना सुटत नसे. पायाच्या अंगठ्याच्या सांध्याला होणाऱ्या एका विशिष्ट दुखापतीस १९७६ मध्ये अमेरिकन वैद्यकांनी ‘टर्फ टो’ असे नावच दिले. पृष्ठाने स्वतःच्या नावाची व्याधी निर्माण करावी, हे क्रीडा-इतिहासातील विरळ उदाहरण म्हणावे लागेल.

इंग्लंडमध्ये १९८१ साली क्वीन्स पार्क रेंजर्स या फुटबॉल क्लबने लंडनमधील आपल्या मैदानावर कृत्रिम पृष्ठ बसविले. ल्यूटन, ओल्डहॅम आणि प्रेस्टन या क्लबांनी त्याचे अनुकरण केले. चेंडूची अनैसर्गिक उसळी आणि सोलवटणारी कातडी यांमुळे खेळाडू व प्रेक्षक दोघेही नाराज झाले. १९८८ मध्ये नव्या पृष्ठांना बंदी झाली आणि प्रेस्टनचे शेवटचे असे मैदान १९९४ मध्ये काढण्यात आले. पावसाळी देशात चिखलापासून सुटका हा मोठाच लाभ होता, तरी खेळाचा स्वभाव बदलणे फुटबॉलला मानवले नाही. हॉकीने मात्र नेमका उलट निर्णय घेतला होता. त्याकडे वळण्यापूर्वी निगेच्या दृष्टीने या पृष्ठांचे प्रकार पाहणे आवश्यक आहे.

३. तीन प्रकार, तीन निगा :

कृत्रिम हिरवळीचे वर्गीकरण सामान्यतः धाग्याच्या लांबीवरून व भरावावरून केले जाते. देखभालीच्या अंगाने पाहिले असता हे वर्गीकरण अधिक अर्थवाही होते, कारण प्रत्येक प्रकाराने निगेचा भार वेगळ्या वस्तूवर टाकला आहे.

(अ) वाळू भरलेले पृष्ठ : यात धाग्यांच्या मधोमध वाळू भरून त्यांना उभे ठेवले जाते. पाणी लागत नाही, म्हणून हे तुलनेने स्वस्त पडते. परंतु वाळू कालांतराने घट्ट बसते, तिच्यात धूळ मिसळते आणि पाण्याचा निचरा थांबतो. मग सावलीच्या कडेला शेवाळ धरते. ब्रशने वाळू सारखी करणे, घट्ट झालेला थर मोकळा करणे आणि काही वर्षांनी वरची मळकी वाळू काढून नवी भरणे, ही त्याची निगा होय.

(आ) वाळू व रबर भरलेले लांब धाग्यांचे पृष्ठ : १९९० च्या दशकात फुटबॉलसाठी हा प्रकार पुढे आला. जुन्या टायरांचा चुरा करून केलेले रबराचे दाणे यात भरले जातात. २००४ मध्ये फुटबॉलच्या नियमांनी कृत्रिम पृष्ठाला मान्यता दिली ती या पिढीमुळे. येथे निगा म्हणजे दाण्यांचा पाठलाग. पेनल्टीच्या ठिकाणचे, कोपऱ्यावरचे व गोलसमोरचे दाणे रोज उडून जातात. ते परत आणून भरावे लागतात. ओढत्या ब्रशने धागे उभे करावे लागतात, नाहीतर ते एका बाजूस लोळतात आणि पृष्ठ चटईसारखे निसरडे होते. झाडांची पाने वेळीच उचलली नाहीत तर ती कुजून त्यांची माती होते आणि प्लॅस्टिकच्या हिरवळीत खरे गवत उगवते. कृत्रिम गवतात तण म्हणून खरे गवत उपटावे लागणे, यातील विसंगती वेगळी सांगायला नको.

(इ) पाण्यावर चालणारे पृष्ठ : हॉकीच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी हा प्रकार रूढ झाला. आखूड व दाट धागे, त्यांच्याखाली लवचीक थर आणि भराव मुळीच नाही. भरावाचे काम येथे पाणी करते. ओल्या पृष्ठावर चेंडू कमी उसळतो, सरळ व वेगाने धावतो, आणि घसरणाऱ्या खेळाडूची कातडी वाचते. सामन्यापूर्वी व मध्यंतरात तुषारांनी मैदान भिजवावे लागते. पाणी क्षारयुक्त असेल तर धाग्यांवर पांढरट पापुद्रा बसतो. ओल सतत राहिली तर शेवाळ व बुरशी येते. म्हणजे टाकी, पंप, तुषारयंत्रे, पाण्याची शुद्धता आणि निचरा ही सारी यंत्रणा त्या मैदानाचाच भाग बनते.

तिन्ही प्रकारांत काही नियम समान आहेत. पृष्ठावर तीव्र रसायने व कठीण तारांचे ब्रश वापरू नयेत, च्युइंगम बर्फाने गोठवून काढावा, आगीचा व ठिणगीचा संपर्क टाळावा आणि शिवणी उसवल्यास त्याच आठवड्यात जोडाव्यात. कापडाचा न्याय येथेही लागू पडतो : वेळेवर घातलेला एक टाका पुढची चिंधी वाचवतो. एवढी काळजी घेऊनही असे पृष्ठ सामान्यतः आठ ते दहा वर्षांत बदलावे लागते. मातीचे मैदान बदलावे लागत नाही. ते दुरुस्त होत राहते. हा फरक मूलभूत आहे.

४. माँट्रियल १९७६ आणि भारतीय हॉकी :

१९२८ ते १९५६ या काळात भारताने ऑलिंपिक हॉकीची सलग सहा सुवर्णपदके मिळविली. १९६४ मध्ये सातवे मिळविले. १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे अजितपाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला. तो गवतावर खेळला गेला होता. अवघ्या वर्षभरात, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठावर खेळली गेली. ऑस्ट्रेलियाने भारताचा ६-१ असा पराभव केला आणि भारत सातव्या स्थानी घसरला. सुवर्णपदक न्यूझीलंडने जिंकले.

या पराभवाचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, भारतीयांचे मनगटी कौशल्य गवतासाठी घडलेले होते आणि नव्या पृष्ठाने वेग व दमसास यांना महत्त्व दिल्यामुळे ते कौशल्य निष्प्रभ झाले. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. पाकिस्तानची खेळशैली भारताशी मिळतीजुळती होती. तरीही त्याच माँट्रियलमध्ये पाकिस्तानने कांस्यपदक मिळविले आणि १९८४ मध्ये लॉस एंजलिस येथे सुवर्णपदक जिंकले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये अनेक बलाढ्य संघ बहिष्कारामुळे गैरहजर असताना भारतालाही सुवर्णपदक मिळाले. म्हणजे केवळ शैली विरुद्ध पृष्ठ असा हा सामना नव्हता.

प्रश्न खेळाडू किती आणि मैदाने किती, या प्रमाणाचा होता. भारतीय हॉकी ही लष्करी छावण्या, रेल्वे वसाहती, पोलीस मैदाने, मिशन शाळा आणि आदिवासी गावे यांतून वर आलेली होती. तेथे मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान तयार होई आणि हे काम करणारी माणसे तेथलीच असत. १८९५ पासूनची कलकत्त्याची बेटन चषक स्पर्धा आणि १८९६ पासूनची मुंबईची आगाखान स्पर्धा याच परंपरेवर पोसल्या गेल्या. कृत्रिम पृष्ठाने ही साखळी एका ठिकाणी तोडली. परदेशातून आणलेला गालिचा, त्याखालचा डांबरी पाया, पंप आणि पाण्याची टाकी या वस्तू गावाने किंवा शाळेने श्रमदानातून उभ्या करण्याजोग्या नव्हत्या. भारतात अशी मैदाने १९८० च्या दशकात येऊ लागली, तीही प्रामुख्याने महानगरांत व प्रशिक्षणकेंद्रांत. खेळाडू मातीवर घडणार आणि निवडचाचणी नायलॉनवर होणार, अशी ही विचित्र विभागणी होती. तिची किंमत एका पिढीने मोजली.

पुण्याजवळच्या खडकी येथे १९६८ मध्ये जन्मलेले धनराज पिल्ले १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिक खेळले. चारही कृत्रिम पृष्ठावर झाली आणि चारही वेळा भारत पदकाविना परतला. २००८ मध्ये तर भारतीय संघ ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही. मॉस्कोनंतरचे पहिले पदक टोकियो येथे २०२१ मध्ये आणि त्यापुढचे पॅरिस येथे २०२४ मध्ये मिळाले, दोन्ही कांस्य. या चार दशकांच्या कोरडेपणाला संघटनांतील कलह, प्रशिक्षणातील धरसोड, क्रिकेटची वाढती लोकप्रियता अशी अनेक कारणे आहेत. परंतु मैदान बसविण्यापेक्षा ते चालू ठेवणे अधिक कठीण असते, याचा विचार या चर्चेत अभावानेच आढळतो. उद्घाटनाची कोनशिला टिकते. ब्रश फिरविण्यासाठी वार्षिक तरतूद राहिली की नाही, हे कोणी विचारत नाही.

५. पाण्याचा हिशेब :

पाण्यावर चालणाऱ्या मैदानाचे गणित मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब व ५५ मीटर रुंद असते. भोवतालची मोकळी पट्टी धरून हे क्षेत्र १०१.४ गुणिले ६३, म्हणजे सुमारे ६,४०० चौरस मीटर होते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एका वेळी तीन मिलिमीटर पाणी दिले असे धरले तर सुमारे १९,००० लिटर लागतात. दिवसात चार सामने आणि प्रत्येकी दोन वेळा भिजवणे, असे धरल्यास एका दिवसाचा खर्च दीड लाख लिटरच्या पुढे जातो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे मान ठरविले आहे. त्या हिशेबाने हे सुमारे २,८०० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले.

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी पोचवावे लागले. त्याच एप्रिल महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएल क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. तो वाद नैसर्गिक गवताच्या मैदानांचा होता. त्यामुळे पाण्याचा दोष एकट्या कृत्रिम पृष्ठाला देता येणार नाही. फरक एवढाच की, गवत पाणी पिते हे सर्वांना ठाऊक होते, तर प्लॅस्टिकला पाणी लागते हे सांगूनही अनेकांना खरे वाटत नाही. ‘पाणी नको’ म्हणून आलेल्या वस्तूच्या सर्वोच्च प्रकाराने पाण्यावाचून चालूच नये, हा या इतिहासातील सर्वांत मोठा विरोधाभास होय.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघालाही याची जाणीव झाली. २०१८ मध्ये महासंघाने पाण्याविना खेळता येईल असे पृष्ठ विकसित करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. टोकियो व पॅरिस ऑलिंपिकसाठी पाणी कमी लागणारी पृष्ठे तयार झाली आणि त्यांच्या धाग्यांसाठी उसापासून मिळविलेल्या कच्च्या मालाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करण्यात आला. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तथापि ऊस म्हटल्यावर महाराष्ट्रातील वाचकास पाण्याचा हिशेब आठवल्याशिवाय राहत नाही. तो ऊस कोणत्या देशात आणि कोणाच्या पाण्यावर वाढला, हा प्रश्न मैदानाच्या सीमारेषेबाहेरचा वाटला तरी मैदानाच्या निगेशी त्याचे नाते आहे.

६. उष्णता आणि कचरा :

गवत पाण्याचे बाष्प सोडून स्वतःला थंड ठेवते. प्लॅस्टिक ऊन साठवते. कॅनडात २०१५ चा महिलांचा फुटबॉल विश्वचषक पूर्णतः कृत्रिम पृष्ठांवर खेळविण्यात आला. त्याविरुद्ध अनेक नामांकित खेळाडूंनी २०१४ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे लिंगभेदाची तक्रार केली होती, कारण पुरुषांचा विश्वचषक अशा पृष्ठावर कधीच झाला नव्हता. ती तक्रार २०१५ च्या आरंभी मागे घेण्यात आली. उद्घाटनाच्या दिवशी एडमंटन येथे पृष्ठाचे तापमान सुमारे ४९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्याची दुपार एडमंटनच्या जूनपेक्षा किती प्रखर असते, हे येथील शारीरिक शिक्षण संचालकांना सांगण्याची आवश्यकता नाही. अशा ठिकाणी पृष्ठ थंड करण्यासाठी पुन्हा पाणीच मारावे लागते.

रबराच्या दाण्यांचा प्रश्न याहून दीर्घकालीन आहे. खेळाडूंच्या बुटांतून, पावसाच्या पाण्यातून व झाडलोटीतून ते गटारांत आणि पुढे नद्यांत जातात. युरोपात क्रीडापृष्ठांवरून दरवर्षी सुमारे १६,००० टन दाणे अशा रीतीने निसर्गात मिसळत असावेत, असा युरोपीय रसायन संस्थेचा अंदाज आहे. २०२३ मध्ये युरोपीय संघाने अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदी आणणारा नियम केला आणि त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडणारे पाणी पाहता, निचऱ्याच्या तोंडाशी जाळी बसविणे व ती वरचेवर साफ करणे ही निगेतील पहिली पायरी ठरावी.

७. तालमीची माती : एक तुलना

कृत्रिम पृष्ठापूर्वीही छपराखालची क्रीडापृष्ठे होती. महाराष्ट्रातील तालीम हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तालमीच्या हौद्यातील तांबडी माती चाळून, तीत ताक, तेल, लिंबू, हळद घालून मुरविली जाते. सरावापूर्वी मल्लच फावड्याने ती उकरतात, सारखी करतात आणि मग तिला नमस्कार करून उतरतात. मातीचा हा संस्कार व्यायामाचाही भाग आहे, स्वच्छतेचाही आणि शिस्तीचाही. येथे पृष्ठाची निगा करणारा आणि पृष्ठावर खेळणारा एकच असतो.

कुस्तीनेही पुढे मातीकडून मॅटकडे प्रवास केला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. मातीत घडलेला मल्ल मॅटवर यशस्वी होऊ शकतो, हे त्यांनी हॉकीच्या माँट्रियलपूर्वी चोवीस वर्षे सिद्ध केले होते. तरीही मातीची कुस्ती संपली नाही. शाहू महाराजांच्या काळातील कोल्हापूरचे खासबाग मैदान आणि गावोगावच्या जत्रांतील फड यांमुळे ती समांतर चालू राहिली. हॉकीत असे झाले नाही. वरच्या पातळीवर पृष्ठ बदलताच खालच्या मैदानांची प्रतिष्ठा गेली आणि प्रतिष्ठेपाठोपाठ निगाही गेली. मातीचे मैदान जुने झाले म्हणून दुर्लक्षित राहिले आणि नवे मैदान महाग म्हणून दुर्मीळ राहिले. या दोहोंमधल्या पोकळीत अनेक शाळांची हॉकी बंद पडली.

८. महाविद्यालयीन मैदानांविषयी :

महाविद्यालयाचे मैदान केवळ खेळाचे नसते. त्यावर राष्ट्रीय छात्रसेनेची कवायत होते, स्नेहसंमेलनाचा मंडप पडतो, परीक्षेच्या दिवशी वाहने उभी राहतात, दिवाळीत शेजारची मुले फटाके उडवितात. माती हे सारे पोटात घेते आणि आठवडाभराच्या श्रमांनी पूर्ववत होते. कृत्रिम पृष्ठ यांतील एकही गोष्ट सहन करीत नाही. खांबाचे एक भोक, फटाक्याची एक ठिणगी, चारचाकीचे एक वळण यांनी त्याचे कायमचे नुकसान होते. म्हणून पृष्ठ बदलण्याचा निर्णय हा प्रत्यक्षात मैदानाचा उपयोग बदलण्याचा निर्णय असतो.

मूल्यांकनाच्या निमित्ताने सुविधा उभारण्याची घाई संस्थांना असते, हे समजण्यासारखे आहे. पण खरेदीचे अंदाजपत्रक मांडताना त्याच कागदावर पुढील दहा वर्षांचे ब्रश, पाणी, वीज, भराव, दुरुस्ती, प्रशिक्षित कर्मचारी आणि शेवटी जुने पृष्ठ काढून टाकण्याचा खर्च मांडला गेला पाहिजे. मैदानावरच्या सेवकाचे पद रद्द करून त्या बचतीतून हिरवळ घेण्याचा विचार तर मुळातच चुकीचा आहे. हिरवळ आली की त्या सेवकाची गरज वाढते. त्याला नव्या कामाचे शिक्षण द्यावे लागते, इतकेच.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कृत्रिम हिरवळीने देखभाल नाहीशी केली नाही. कापणी, खत व मशागत यांची जागा झाडणे, धुणे, भिजवणे, भरणे व बदलणे यांनी घेतली.

२) बंदिस्त व खुल्या पृष्ठांची निगा भिन्न आहे. बंदिस्त पृष्ठास धूळ, घाम व जंतू यांचा, तर खुल्या पृष्ठास ऊन, पाने, शेवाळ व निचरा यांचा विचार प्रधान ठरतो.

३) निगेचे ज्ञान व साधने स्थानिक माणसांच्या हातून दूरच्या उत्पादकाकडे व यंत्राकडे गेली. भारतीय हॉकीच्या १९७६ नंतरच्या घसरणीत या स्थलांतराचा वाटा आहे; मात्र ते एकमेव कारण नव्हे.

४) पाणी, उष्णता आणि प्लॅस्टिक कचरा हे आनुषंगिक प्रश्न नसून पृष्ठाच्या किमतीचाच भाग आहेत.

५) कुस्तीप्रमाणे माती व नवे पृष्ठ यांचे सहअस्तित्व शक्य आहे. शिक्षणसंस्थांनी मातीच्या मैदानाची निगा सोडून न देता गरजेपुरते कृत्रिम पृष्ठ स्वीकारणे श्रेयस्कर ठरेल.

मैदानाचा इतिहास लिहिताना आपण आजवर गोल आणि धावा मोजल्या. ज्यांनी पहाटे रोलर ओढला आणि जे आज संध्याकाळी दिवे मालवण्यापूर्वी हिरव्या धाग्यांतून ब्रश फिरवितात, त्यांच्या श्रमांची मोजदाद अद्याप व्हायची आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या क्रीडासंस्थांची दप्तरे, महाविद्यालयांच्या जिमखान्यांच्या खर्चवह्या आणि निवृत्त मैदान-सेवकांच्या आठवणी ही त्यासाठीची साधने आहेत. ती काळाच्या ओघात नष्ट होण्यापूर्वी अभ्यासकांनी तिकडे वळावे, अशी अपेक्षा आहे.